बाजाराची वेळ, संगणकाची वेळ

राष्ट्रीय शेअर बाजारातले नियमित सौदे सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३० चालतात, म्हणजे ३७५ मिनिटे. मिनिटामिनिटाच्या भावांची सीएसव्ही फाइल ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेत घेतली, की दिवसागणिक साधारण तेवढ्याच ओळी दिसायला हव्यात. ओळी मोजण्याची ही तपासणी सर्वांत आधी करावी, कारण वेळेतली चूक आर बोलून दाखवत नाही.

आर वेळ साठवते ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार. फाइलमध्येही असे सेकंदच असतील आणि संगणक यूटीसीवर चालत असेल, तर आपले ९:१५ तिथे ३:४५ दिसतात आणि बाजार बंद होताना १०:०० वाजलेले असतात. त्यावर ९:१५ ते १५:३० अशी चाळणी लावली, तर दिवसाची फक्त शेवटची ४५ मिनिटे हाती उरतात. आलेख मात्र व्यवस्थित निघतो, आणि धोका तिथेच आहे. म्हणून ‘एशिया/कोलकाता’ हा वेळपट्टा आयात करतानाच लिहावा. तारखेचा क्रमही सांगावा. अमेरिकी क्रमाने वाचल्यास ०१/११ म्हणजे ११ जानेवारी होते.

चाळणी लावण्याचे पुढचे काम आरमधले ‘एक्सटीएस’ हे पॅकेज फार सोपे करते. चौकटी कंसात सुरुवातीची आणि शेवटची वेळ दिली, की प्रत्येक दिवसाचा तेवढाच तुकडा मिळतो. पण सरसकट चाळणी दिवाळीला चुकते. १ नोव्हेंबर २०२४ चे मुहूर्ताचे सौदे संध्याकाळी ६ ते ७ या वेळेत झाले. ते हवे असतील तर वेगळे उचलावे लागतात.