नैवेद्याआधी वाढलेलं ताट

नवरात्रात मोहाडीची वाट चौंडेश्वरीच्या देवळाकडे वळते. सासरी गेलेल्या लेकी येतात, आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात, घराघरांत पाहुण्यांची पंगत बसते. अशाच एखाद्या घरातला धाकटा दीर मात्र पाहुण्यांना देवळापर्यंत नेऊन सोडतो आणि स्वतः बाहेर थांबतो. पाहुणा नवखा असला तर विचारतो, ‘भाऊजी, तुम्ही नाही येत आत?’ उत्तर वहिनीच देऊन टाकते: ‘ते सेवक आहेत.’ भंडारा जिल्ह्यात एवढं पुरतं. कोणाचे सेवक, हे पुढे कोणी विचारत नाही.

हे सेवक ‘परमात्मा एक’ मार्गाचे. मार्ग सुरू करणारे महानत्यागी बाबा जुमदेवजी (१९२१–१९९६) नागपूरच्या विणकर कुटुंबातले. चार तत्त्वं, तीन शब्द, पाच नियम. मूर्तिपूजा नाही, अंगारे-धुपारे नाहीत, दारू-जुगार बंद. मार्गात आलेलं घर आपले जुने देव सोडतं आणि एकाच भगवंताला मानतं. भेटल्यावर ‘नमस्कार जी’ म्हणायचं, घरी हवन करायचं, चर्चा बैठकीला जायचं. विणकर, शेतमजूर, छोटे शेतकरी यांच्यात हा मार्ग पसरला. त्यामागे तत्त्वज्ञानाइतकंच, माझ्या मते जास्तच, दारूचं कारण आहे. नवरा किंवा मुलगा पिणं सोडतो, मजुरी घरी येऊ लागते. म्हणून देवीची ओटी भरणारी आई मुलाच्या नव्या वाटेला नावं ठेवत नाही. तिचा मुलगा शुद्धीवर घरी आला आहे, तो कोणाच्या नावानं आला यावर ती वाद घालत बसत नाही.

अडचण येते ती सणाला. देव सोडलेला मुलगा देवीचा प्रसाद कसा घेणार? पण सणाच्या दिवशी आईच्या हातचं न जेवता उठला, तर आईला काय वाटेल? यावरची तोड स्वयंपाकघरातच निघते. नैवेद्य दाखवायच्या आधी त्याचं ताट वाढून बाजूला ठेवायचं. पुरण तेच, वडे तेच, कढी तीच. देवापुढे गेलं नाही म्हणून तो प्रसाद नव्हे, आणि आईनं रांधलं म्हणून सण चुकलाही नाही. धर्मग्रंथ उघडून बसलं असतं तर इतकी सोपी वाट सापडली नसती.

‘सगळ्यांनी सगळ्यांचे सण करावेत’ हे भाषणात छान वाटतं. घरात खरी कसोटी लागते ती नाही म्हणणाऱ्याच्या ‘नाही’ची. ते ‘नाही’ तुसडेपणा न मानता ऐकून घेता येतं का, हा प्रश्न.

बौद्ध घरांत हा प्रश्न निराळ्या रीतीनं येतो. बाबासाहेबांचं या जिल्ह्याशी जुनं नातं आहे. १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक ते भंडाऱ्यातून लढले आणि हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात धम्मदीक्षा झाली. तो दिवस दसऱ्याचा, अशोक विजयादशमीचा. तेव्हा वस्त्याच्या वस्त्या एकदम बौद्ध झाल्या, त्यामुळे एका घरात दोन धर्म असं सहसा घडलं नाही. ते घडतं पुढच्या पिढीच्या लग्नांमुळे. मग दसऱ्याला घरातला एक जण पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीला निघतो आणि दुसरा संध्याकाळी आपट्याचं सोनं वाटायला. यात भांडण्यासारखं फारसं नसतं. गणपती-महालक्ष्म्या आणि पितृपक्ष मात्र अवघड. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपती न मानण्याची आणि श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा स्पष्ट आहे. तिथे ‘हात तर जोड, काय बिघडतं?’ हा आग्रह प्रेमाचा असला तरी समोरच्याची शपथ मोडायला लावणारा असतो.

कायद्याला यातलं काही अवघड वाटत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, त्यामुळे हिंदू-बौद्ध जोडप्यात कोणालाच धर्म बदलायची गरज नाही. एक जण मुसलमान किंवा ख्रिस्ती असेल आणि दोघांनाही आपापला धर्म ठेवायचा असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. कायदा लग्न लावून देतो. पण सासरी गेल्यावर कोणता फोटो कुठे टांगायचा, हे तो सांगत नाही.

आणि तिथे बहुतेक वेळा वाकते ती सूनच. माहेरची बुद्धवंदना सासरी मनातल्या मनात म्हणणारी सून, किंवा सासरचं सगळं शिकलेली पण आपल्या माहेरच्या देवीचं नावही न काढणारी सून. हिला ‘घरात किती एकोपा आहे’ म्हणून दाखवलं जातं. त्या एकोप्याची किंमत एकटीनंच मोजली असेल तर त्याला सहिष्णुता म्हणायला माझी जीभ वळत नाही. जावयाकडे अशी किंमत कोणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

बाहेरून आलेला शब्द तर हे सगळं क्षणात बिघडवू शकतो. २०२४ साली मोहाडीतच झालेल्या एका कथेत बाबा जुमदेवजींविषयी काढलेल्या उद्गारांवरून सेवक संतापले आणि प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं. कथा सांगणारा कार्यक्रम आटोपून निघून जातो. एका चुलीवर जेवणाऱ्या, एक कथा ऐकणारा आणि एक सेवक, अशा दोन भावांना मात्र दुसऱ्या दिवशीही धानाच्या एकाच बांधीत उतरायचं असतं.

सुदैवानं या मुलखाकडे असेही सण आहेत जिथे देवाचा प्रश्न फारसा उठत नाही. तान्ह्या पोळ्याला चाकांचा लाकडी बैल ओढत पोरं दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. बैल कोणत्या धर्माचा, हे कोण विचारणार? दिवाळीनंतरची मंडई तर त्याहून मोठी. प्रत्येक गावाचा मंडईचा दिवस वेगळा, म्हणजे आज आपल्याकडे पाहुणे आणि परवा आपण त्यांच्याकडे. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक. देवळात न जाणारा, विहारात जाणारा, दोन्हीकडे न फिरकणारा, सगळे एकाच मांडवात रात्रभर बसतात. पहाटे नाटक सुटतं तेव्हा पाहुण्यांपैकी दोघा-तिघांनी घेतलेली असते. गाडीची चावी मग न सांगताच सेवक भाऊजींच्या हातात येते.