कऱ्हाडचा ट्रॅक्टर चिपळूणला आणताना

घाटावर जुने ट्रॅक्टर निवडून घ्यायला भरपूर मिळतात, म्हणून आमच्या चिपळूणकडचे लोक कऱ्हाड, इस्लामपूर भागात जाऊन सौदा करतात. आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, टायरची नक्षी बघतो, मीटरवरचे तास वाचतो, चार वेळा भाव करतो. आणि तो घरी आणायची गाडी मात्र चहा पिता पिता पाच मिनिटांत ठरवून टाकतो. मी जी नुकसानं पाहिली, ती बहुतेक या पाच मिनिटांतली आहेत.

आधी गाडी लागते का, ते ठरवू. ट्रॅक्टर रस्त्यावर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरने धावतो. वीस-तीस किलोमीटरचं अंतर असेल, रस्ता सपाट असेल, आरसी आणि विमा चालू असेल, तर चालवत आणायला हरकत नाही. पण वाटेत कुंभार्लीसारखा घाट असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ज्याचे ब्रेक आपण अजून पारखलेले नाहीत, असा जुना ट्रॅक्टर घाटातून उतरवू नये. तो गाडीत घालूनच आणावा.

आता वजन. इथे पहिली चूक होते. आपण कंपनीच्या पत्रकातलं वजन धरतो. पंचेचाळीस एचपीच्या आसपासच्या ट्रॅक्टरचं ते १८०० ते २१०० किलो असतं. पण आपण विकत घेतलेला ट्रॅक्टर त्या पत्रकातला नसतो. नांगरटीत चाकं घसरू नयेत म्हणून मागच्या टायरांत पाणी भरलेलं असू शकतं, १३.६-२८ मापाच्या एका टायरात दीडशे-दोनशे लिटर सहज मावतं. म्हणजे दोन टायरांचे तीन-चारशे किलो वाढले. चाकांना लोखंडी वजनं लावलेली असतात, ती वेगळी. सौद्यात रोटाव्हेटर मिळाला असेल तर आणखी साडेतीनशे-चारशे किलो. कागदावर १९०० किलोचा ट्रॅक्टर असा २७०० किलोपर्यंत जातो.

पाणी आहे की नाही ते बघायला व्हॉल्व्ह खालच्या बाजूला येईल असं चाक फिरवा आणि त्याची पिन जराशी दाबा. हवेऐवजी पाणी आलं की समजावं. साखर कारखान्याजवळ किंवा मोठ्या रस्त्यालगत भुईकाटा असतोच. तिथे नेऊन वजन करून घेतलं तर अंदाजाचा प्रश्नच उरत नाही.

मग गाडीची आरसी मागून घ्या. लाजू नका, भाडं आपण देणार आहोत. तिच्यावर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि एकूण लदान वजन, म्हणजे गाडी, माल, डिझेल, माणसं सगळं धरून परवानगी असलेलं वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की माल किती भरता येतो ते कळतं. ‘पाच टन आरामात उचलते’ हे चालकाचं सांगणं आणि हा आकडा यांत फरक पडला तर आकडा खरा मानायचा. २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा मालाचा दंड २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. वाटेत, पाटणच्या पुढे कुठेतरी ट्रॅक्टर कसा उतरवणार?

या हिशेबाने गाड्या आपोआप गळत जातात. वीस एचपीच्या आतला मिनी ट्रॅक्टर आठ-नऊशे किलोच्या आसपास असतो. तो बोलेरो पिकअपमध्ये येतो. पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर तिच्यात घालू नये, लोक घालतात तरी. ४०७ सारखी गाडी सव्वादोन टनांच्या आसपास माल घेते, म्हणजे पाणी आणि वजनं काढलेला मोकळा ट्रॅक्टर जेमतेम बसतो. अवजारासकट आणायचा असेल तर चौदा फुटी किंवा सतरा फुटी आयशर बघावी.

वजन जमलं तरी रुंदी अडवते. ट्रॅक्टरची मागची चाकं कमी-जास्त अंतरावर बसवता येतात. जवळ घेतलेली असली तरी बाहेरून बाहेर साडेपाच फुटांच्या वर भरतात, रुंद केलेली असली तर साडेसहापर्यंत. हौद्याची रुंदी मोजायची ती आतून, आणि मागच्या फाळक्याच्या दोन खांबांमध्ये, कारण तिथे ती सर्वांत कमी असते. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं मोकळी राहिली पाहिजेत. लांबीला ट्रॅक्टर बारा फुटांपर्यंत असतो, त्यामुळे दहा फुटी हौद्यात फाळका लागत नाही. उघड्या फाळक्याने, मागची चाकं काठावर ठेवून आणणारे भेटतील. त्यांना नको म्हणा. छत्री आणि उभा सायलेन्सर काढून घ्या. कोकणातल्या वाडीत शिरताना आंब्याच्या फांद्या आणि विजेच्या तारा खाली आलेल्या असतात.

ट्रेलरचं थोडक्यात सांगतो. तीन-चार ट्रॅक्टर एकदम आणायचे असतील तर लो-बेड, म्हणजे खाली बसक्या फळीचा लांब ट्रेलर, परवडतो. चढ कमी असल्याने चढवणंही सोपं. मात्र तो आमच्या वाडीच्या वळणावर वळत नाही. गाडीमागे जोडायचा लहान ट्रेलर असेल तर एकूण भाराचा दहा-पंधरा टक्के भाग जोडणीवर यावा अशा बेताने ट्रॅक्टर पुढे-मागे करावा. भार मागे गेला की ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवू लागतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, ते. गाडी ठरवण्याआधी चढवायची जागा ठरवा, आणि तिच्याही आधी उतरवायची.

सर्वांत चांगली जागा म्हणजे हौद्याच्या उंचीचा पक्का धक्का किंवा मातीचा बांध. ट्रक मागे घेऊन बांधाला चिकटवायचा, फाळका बांधावर टेकवायचा आणि ट्रॅक्टर सपाटीवरून आत न्यायचा. गावात विचारलं तर वीटभट्टीजवळ, खाणीजवळ अशी जागा सापडते. तिच्यासाठी चार किलोमीटर वाट वाकडी करावी लागली तरी करा.

अशी जागा नसेल तर लोखंडी रॅम्प, म्हणजे चाकांखाली लावायच्या दोन उतरत्या पट्ट्या. हौदा जमिनीपासून मीटरभर उंच असतो. रॅम्प त्याच्या चौपट लांब असावा. वरचं टोक हौद्याला आकड्याने अडकवून साखळीने बांधलेलं हवं. बांधकामाच्या फळ्या वापरू नका. एकदा आम्ही दोन जाड फळ्या लावल्या होत्या. मागचं चाक फळीवर आलं आणि त्याच्या जोराने फळी मागे सटकली. ट्रॅक्टर फूटभर खाली बसला, चालक सीटवरून फेकला गेला. हाताच्या फ्रॅक्चरवर निभावलं.

चढवण्यापूर्वी ट्रकच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. ट्रॅक्टरचं वजन फाळक्यावर आलं की ट्रकचा मागचा भाग खाली बसतो आणि ट्रक सरकू पाहतो. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक वेगवेगळे असतात. दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावून घ्या, नाहीतर गडबडीत एकच दाबला जातो आणि ट्रॅक्टर आडवा फिरतो. सर्वांत खालचा गिअर टाका. रॅम्पवर क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही.

आणि तोंड कुठे? रॅम्पवर ट्रॅक्टर उलटा, रिव्हर्समध्ये चढवावा. ट्रॅक्टरचं बरंचसं वजन मागच्या चाकांवर असतं आणि जोरही तिथेच लागतो. पुढे तोंड करून तीव्र चढ चढताना पुढची चाकं उचलली जातात, आणि ट्रॅक्टर मागे उलटायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. उलटा चढवला की जड बाजू वर राहते. आजूबाजूला आणि मागे कोणी उभं राहू नये. ‘ये, ये’ म्हणणारा एकच माणूस, तोही दहा फूट लांब.

आत नेल्यावर ट्रॅक्टरचं वजन ट्रकच्या मागच्या एक्सलच्या थोडं पुढे यावं. मागच्या टोकाला गेलं तर ट्रकची पुढची चाकं हलकी होतात आणि घाटात स्टिअरिंग दाद देत नाही.

मग हायड्रॉलिकचे हात खाली टेकवा, खालच्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक लावा, किल्ली काढा, बॅटरीची एक तार सोडा. चारही चाकांना पुढून-मागून ठोकळे. बांधायला साखळी आणि ती आवळायचा स्क्रू, किंवा चांगला रॅचेट पट्टा. काथ्याचा दोर ताणतो, सैल पडतो. जोराचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या ऐंशी टक्के जोराने केबिनकडे ढकलला जाईल असं धरून बांधा. दोन टनांच्या ट्रॅक्टरला तो जोर सोळाशे किलो होतो. साखळी पुढच्या एक्सलच्या ब्रॅकेटला आणि मागच्या हुकाच्या पट्टीला अडकवा, चार कोपऱ्यांकडे तिरपी ओढून. स्टिअरिंगचा रॉड, बंपरची पत्र्याची जाळी, हायड्रॉलिकचे हात यांना कधीच नाही. रोटाव्हेटर ट्रॅक्टरवर लटकता ठेवू नका, खाली वेगळा बांधा.

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सगळ्या साखळ्या पुन्हा आवळाव्या लागतात, कारण टायर दबतात आणि ठोकळे जागा धरतात. घाट लागण्याआधी कोयनानगरला पुन्हा एकदा. कुंभार्ली उतरताना सगळा भार केबिनकडे झुकतो, म्हणून पुढचे ठोकळे तिथे हाताने हलवून बघा. चालकाला घाटात खालच्या गिअरमध्येच उतरायला सांगा. हौद्यात किंवा ट्रॅक्टरच्या सीटवर कोणालाही बसू देऊ नका.

कागदांत दोन गोष्टी. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवून घ्या, आणि आरटीओ बदलत असल्याने ना हरकत दाखला विकणाऱ्याकडूनच मिळवा. ट्रकचा विमा ट्रकचा असतो, त्यावरच्या ट्रॅक्टरचा नाही. वाटेतल्या नुकसानीसाठी ट्रान्झिट विमा वेगळा निघतो.

आता उतरवणं. रॅम्पवरून ट्रॅक्टर पुढे तोंड करून उतरला पाहिजे. मागे-मागे उतरताना कचकन ब्रेक दाबला की तोंड वर उचललं जातं. म्हणजे घरी फक्त रॅम्प असेल, तर कऱ्हाडला बांधावरून चढवतानासुद्धा ट्रॅक्टर उलटाच घालायला हवा. हे बहुतेकांना चिपळूणला पोचल्यावर, अंधार पडल्यावर कळतं, तेव्हा चौदा फुटी हौद्यात ट्रॅक्टर वळवता येत नाही. तसं झालंच तर रात्री घाई करू नका. ट्रकवाल्याला मुक्कामाचे पैसे द्या, सकाळी जवळची जांभ्याची खाण गाठा आणि तिथल्या धक्क्यावर सपाटीने बाहेर काढा.