ट्रॉलीचा दिवा आणि विजेची परतीची वाट

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. मिरचीच्या हंगामात मालाच्या ट्रॉल्या अंधार पडल्यावरही रस्त्यावर असतात. अशा ट्रॉलीचा मागचा दिवा मिणमिणू लागला, की आधी बल्ब बदलतात, मग बॅटरीवर खापर फोडतात. पण बॅटरीच उतरली असती, तर ट्रॅक्टरचे पुढचे दिवेही मंदावले असते. ते लख्ख असतील, तर संशय परतीच्या वाटेवर घ्यायला हवा. दिव्यापर्यंत वीज वायरीतून येते; परत जाताना मात्र अनेक ट्रॉल्यांत ती सांगाडा, हूक आणि पिन यांच्यातून जाते. तिथे गंज, रंग आणि चिखल असतो, शिवाय प्रत्येक खड्ड्यात पिन हलते. दोन ब्रेकचे 21 वॅटचे आणि दोन मागचे 5 वॅटचे बल्ब एकदम लागले, तर 12 व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या वर प्रवाह लागतो. गंजलेल्या जोडात अर्धा ओम रोध असला, तरी जवळजवळ दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि उजेड सुमारे चाळीस टक्के घटतो. ही परतीची वाट, म्हणजे अर्थ, पुरती तुटली, तर ब्रेक दाबल्यावर प्रवाह दुसऱ्या दिव्याच्या तारेतून आडवाटेने परततो. ब्रेक दाबावा आणि दुसराच दिवा अंधुक पेटावा, ही या दोषाची हमखास खूण.

‘मीटरवर तर बारा व्होल्ट दिसतात,’ असं यावर सांगितलं जातं. दिवा बंद असताना ते दिसणारच. प्रवाहच नसेल, तर जोडात व्होल्ट पडतील कुठून? म्हणून दिवे लावून मोजावं. मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल तार ट्रॉलीच्या खरवडलेल्या लोखंडाला लावायची. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला, तर दोष परतीच्या वाटेत आहे. एलईडी लावले तर कटकट मिटेल, असंही म्हणतात. त्यांना प्रवाह कमी लागतो हे खरं, पण हलत्या जोडावर तेही लुकलुकतात आणि अर्थ तुटला तर विझतात. रेडियमची पट्टी जरूर लावावी. मात्र ती दुसऱ्याच्या उजेडातच चमकते, ब्रेक लागल्याचं सांगत नाही.

उपाय वायरीचाच आहे. ट्रॉलीचे दिवे ट्रॅक्टरला जोडणाऱ्या सात पिनांच्या सॉकेटात आंतरराष्ट्रीय मानकानुसार 3 क्रमांकाची पिन अर्थसाठीच असते. तिथून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर प्रत्येक दिव्यापर्यंत न्या, रंग खरवडून वायरीच्या टोकाचं थिंबल बोल्टने घट्ट कसा आणि वर ग्रीस लावा. पहिली ट्रॉली भरण्याआधी हे काम उरकून घ्या.