अल्पमितीय चुंबकांतील प्रावस्था संक्रमण
ज्या स्फटिकातील चुंबकीय अणूंची परस्परक्रिया मुख्यत्वे एका साखळीपुरती (एकमितीय) किंवा एका थरापुरती (द्विमितीय) मर्यादित असते, त्यास अल्पमितीय चुंबक म्हणतात. स्फटिक स्वतः त्रिमितीयच असतो. परंतु त्यातील निरनिराळ्या साखळ्यांमधील वा थरांमधील परस्परक्रिया अतिशय दुर्बल असते. अशा पदार्थाची एक चुंबकीय अवस्था जाऊन दुसरी येणे म्हणजे त्यातील प्रावस्था संक्रमण होय.

लोखंड सु. ७७०° से.च्या वर तापविल्यास त्याचे लोहचुंबकत्व नष्ट होते. अणूंची परिवलने (ज्यांच्यामुळे अणू सूक्ष्म चुंबकाप्रमाणे वागतो) एका दिशेत राखणारी परस्परक्रिया आणि त्यांना विस्कळित करणारी उष्णता यांच्या चढाओढीचा हा परिणाम आहे. तिचा निकाल मितींच्या संख्येवर अवलंबून असतो. साखळीत प्रत्येक अणूला दोनच शेजारी असतात. केवळ एका दुव्याची ऊर्जा खर्च झाली की तेथून पुढची सर्व परिवलने उलटी राहू शकतात. त्यामुळे केवल शून्याच्या वर कोणत्याही तापमानास साखळीत सुव्यवस्था टिकत नाही. हे एर्न्स्ट ईझिंग यांनी १९२५ मध्ये दाखविले. मात्र त्रिमितीतही असेच घडते, हे त्यांचे अनुमान चुकीचे ठरले. परिवलनास दोनच दिशा शक्य असल्यास द्विमितीय जालकात संक्रमण होते, हे लार्स ऑनसागर यांनी १९४४ मध्ये अचूक गणिताने सिद्ध केले. परिवलनास सर्व दिशा सारख्याच मोकळ्या असल्यास मात्र द्विमितीतही सुव्यवस्था टिकत नाही, असे मर्मिन व व्हाग्नर यांनी १९६६ मध्ये दाखविले.

पुंज संक्रमण : केवल शून्य तापमानास ऊष्मीय हालचाल संपते, तरी परिवलनाचे परस्परलंब घटक एकाच वेळी निश्चित असू शकत नाहीत. या अनिश्चिततेमुळे होणारे चढउतार पुरेसे वाढले, तर उष्णतेवाचूनही सुव्यवस्था मोडते. कोबाल्ट निओबेटातील कोबाल्टाच्या साखळ्यांना आडवे चुंबकीय क्षेत्र लावल्यास सु. ५·५ टेस्लाला असे घडते. या क्षेत्राच्या निकट पहिल्या दोन उत्तेजित अवस्थांच्या ऊर्जांचे गुणोत्तर सु. १·६१८ असते, असे २०१० मध्ये न्यूट्रॉन प्रकीर्णनाने आढळले. झामोलोदचिकॉव्ह यांनी १९८९ मध्येच हे भाकीत केले होते.

परस्परविरोधी परस्परक्रियांमुळेही सुव्यवस्था मोडू शकते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील चंचल कुमार मजुमदार व दीपन घोष यांनी १९६९ मध्ये अशा एका प्रतिलोहचुंबकीय साखळीचा विचार केला. एकाआड एक अणूंमधील परस्परक्रिया लगतच्या अणूंमधील परस्परक्रियेच्या निम्मी असल्यास परिवलनांच्या शून्य चुंबकत्वाच्या जोड्या बनतात, असे त्यांना आढळले. कॉपर जर्मेनेटातही सु. १४ के.च्या खाली अशा जोड्या बनतात, हे १९९३ मध्ये दिसून आले. तेथे अणूंमधील अंतरेही आळीपाळीने कमीजास्त होतात.

प्रत्यक्ष स्फटिकांत साखळ्यांमधील दुर्बल परस्परक्रिया पूर्णपणे लोपत नाही. त्यामुळेच कोबाल्ट निओबेट क्षेत्राच्या अभावी सु. ३ के.च्या खाली सुव्यवस्थित होते. हा सिद्धांताचा अपवाद नव्हे. त्या तापमानास पदार्थ त्रिमितीय चुंबकाप्रमाणे वागू लागतो. त्याच्या वर मात्र साखळ्या जवळजवळ स्वतंत्र असतात. म्हणून पुंजयामिकीतील ज्या थोड्या प्रश्नांची अचूक उत्तरे काढता येतात, त्यांची प्रयोगाने कसोटी घेण्यास हे पदार्थ विशेष उपयुक्त ठरले आहेत.