मेलेला माणूस कोणाचा?

रविवारी सकाळी आपल्याकडे मटणाच्या दुकानापुढे रांग लागते. ‘मटण’ हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण इंग्रजांनी तो कोणाकडून घेतला? त्यांच्या मूळ भाषेत मेंढीला ‘शीप’ म्हणत, आजही म्हणतात. ताटात आल्यावर मात्र तिचे ‘मटन’ होते, आणि हा शब्द मुळात फ्रेंच आहे. बीफ आणि पोर्क या शब्दांचेही तेच. जनावर राखणाऱ्याची भाषा एक आणि ते खाणाऱ्याची दुसरी, असा एक काळ इंग्लंडमध्ये होऊन गेला. वॉल्टर स्कॉटने १८१९च्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीत ही गोष्ट एका विदूषकाच्या तोंडी घातली आणि ती जगभर झाली. शब्दांची वाटणी स्कॉट सांगतो तितकी काटेकोर कधीच नव्हती. मध्ययुगीन इंग्रजीत जिवंत बैलालाही ‘बीफ’ म्हटलेले आढळते. पण माणसांची वाटणी मात्र खरी होती.

मी कविता लिहिणारा माणूस. शब्दाचा माग काढता काढता इतिहासात शिरतो, एवढाच माझा इतिहासाशी संबंध. या वाटेवर मला एक विलक्षण कायदा भेटला. कुठे प्रेत सापडले, की हा कायदा आधी विचारी : मेलेला माणूस कोणाचा? त्या कायद्याची आणि तो ज्या उलथापालथीतून जन्मला तिची हकीकत आज सांगायची आहे.

इ. स. १०६६च्या ५ जानेवारीला इंग्लंडचा राजा एडवर्ड निपुत्रिक वारला. दुसऱ्याच दिवशी हॅरॉल्ड या बलाढ्य सरदाराने मुकुट घातला. समुद्रापलीकडे, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम होता. एडवर्डची आई त्याच्याच घराण्यातली, आणि एडवर्डने गादीचे वचन आपल्याला दिले होते, असा त्याचा दावा. हे नॉर्मन मूळचे उत्तरेकडून आलेले व्हायकिंग लुटारू. ९११ साली फ्रेंच राजाने त्यांना सेन नदीच्या काठची जमीन देऊन शांत केले, आणि पुढे ते धर्माने ख्रिस्ती व भाषेने फ्रेंच झाले. इंग्लंडचे अँग्लो-सॅक्सन तरी मूळचे कुठले? तेही पाच-सहाशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडूनच आले होते. पण पाच-सहाशे वर्षांत माणूस आपले येणे विसरतो.

२५ सप्टेंबरला हॅरॉल्डने उत्तरेत चालून आलेल्या नॉर्वेच्या राजाला हरवले. तीनच दिवसांनी विल्यम दक्षिण किनाऱ्यावर उतरला. हॅरॉल्ड दमलेल्या फौजेनिशी धावत आला. १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळ दिवसभर लढाई झाली आणि त्यात तो पडला. नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये विल्यमचा राज्याभिषेक झाला. हा राजा तुम्हाला मान्य आहे का, असे जमलेल्यांना दोन भाषांत विचारले गेले : एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये. होकाराचा गलका उठला. बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना वाटले, आत दंगल झाली. त्यांनी आसपासच्या घरांना आगी लावल्या. नव्या राजवटीचा पहिला दिवस असा गेला.

आरंभी विल्यमचे धोरण सलोख्याचे होते. लंडनच्या नागरिकांना त्याने एक छोटीशी सनद दिली, तीही इंग्रजीत. तुमचे जुने कायदे चालू राहतील, मुलाला बापाचा वारसा मिळेल, असा तिचा आशय. मग ठिकठिकाणी बंडे झाली आणि सलोखा संपला. १०६९-७०च्या हिवाळ्यात त्याच्या सैन्याने उत्तर इंग्लंडमधली पिके, गुरे, अवजारे, साठवलेले धान्य, सारे जाळले. पुढे सोळा वर्षांनी सरकारी मोजणी झाली, तेव्हाही यॉर्कशरमधल्या कितीतरी गावांपुढे ‘उजाड’ एवढाच शेरा पडला. ऑर्डरिक व्हायटॅलिस नावाच्या मठवासी इतिहासकाराने उपासमारीने मेलेल्यांचा आकडा एक लाखाहून अधिक दिला आहे. हा आकडा फुगवलेला असावा, असे इतिहासकार मानतात. पण विल्यमच्या पराक्रमाची एरवी स्तुती करणारा ऑर्डरिक या कृत्याबद्दल त्याला क्षमा करत नाही. त्याचा बाप फ्रेंच, आई इंग्रज. दहाव्या वर्षी त्याला नॉर्मंडीच्या मठात धाडले, तेव्हा कानावर पडणारी भाषा त्याला कळत नव्हती. दोन्हीकडचा असलेला माणूस दोन्हीकडचे दुःख लिहू शकतो, हे त्याला वाचताना जाणवते.

मोजणी झाली १०८६मध्ये. कोणाकडे किती जमीन, किती नांगर, किती गिरण्या, किती माणसे, तेरा हजारांवर गावांची नोंद झाली. एक डुक्करसुद्धा सुटले नाही, अशी तक्रार इंग्रज बखरकाराने केली आहे. पुढे लोक या वहीला ‘डूम्सडे बुक’ म्हणू लागले. म्हणजे कयामतीच्या दिवसाची वही; तिच्या निवाड्यावर अपील नाही. प्रत्येक जमिनीबद्दल तिच्यात विचारले आहे : एडवर्ड राजाच्या वेळी ही कोणाची होती आणि आज कोणाची आहे? पहिल्या उत्तरात गॉडरिक, एल्फरिक अशी नावे येतात. दुसऱ्यात रॉबर्ट, रॉजर, ह्यू. थेट राजाकडून जमीन धारण करणाऱ्या बड्या जमीनदारांत इंग्रज उरले अवघे दोन. वीस वर्षांत एका देशाचा अख्खा सरदारवर्ग नाहीसा झाला : कोणी रणात पडले, कोणी परागंदा झाले, कोणी आपल्याच जमिनीवर कूळ म्हणून राहिले. ज्यांची जमीन गेली, त्यांची नावे मात्र घेणाऱ्याच्या वहीत टिकली.

चर्चमध्येही तेच झाले. विल्यमच्या अखेरीस इंग्रज बिशप उरला एकच, वुस्टरचा वुल्फस्टन. गावोगावी मातीचे उंचवटे रचून त्यांवर किल्ले उभे राहिले. एकट्या लिंकन शहरात किल्ल्याच्या वेळी १६६ घरे गेली. लंडनच्या टॉवरसाठी दगड नॉर्मंडीतून आणला गेला.

पण सगळेच बदलले नाही, आणि हे नीट पाहण्यासारखे आहे. विल्यमला इंग्लंडमध्ये तयार राज्ययंत्रणा मिळाली. देश ‘शायर’ नावाच्या जिल्ह्यांत वाटलेला, जिल्ह्याखाली ‘हंड्रेड’ नावाचे गावगट, त्यांच्या सभा, जमिनीवरचा नियमित कर. नॉर्मनांनी ती मोडली नाही, वापरली. जिल्ह्याचा अधिकारी तो शेरीफ. मुंबईत या पदाला आपण नगरपाल म्हणत आलो. पण शब्द आणि पद अस्सल अँग्लो-सॅक्सन. हे यंत्र नसते, तर एवढी मोजणी झालीच नसती. आणखी एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. या मोजणीत दर दहा माणसांमागे साधारण एक गुलाम होता. पुढच्या अर्धशतकात ही प्रथा जवळजवळ संपली. मात्र त्याच काळात कितीतरी स्वतंत्र शेतकरी जमीनदाराच्या वेठीला बांधले गेले. खालचा थोडा वर आला, मधला खाली गेला.

आता त्या कायद्याकडे येऊ. दोन वंशांत वैर धगधगत होते. रानात, आडवाटेला एखादा नॉर्मन गाठून मारला जाई आणि मारेकरी सापडत नसे. तेव्हा असे ठरले, की प्रेत सापडले आणि मारेकरी हजर केला नाही, तर सगळ्या गावगटाने राजाला दंड भरायचा. त्याचे नाव ‘मर्ड्रम’. सुटका एकाच मार्गाने : मेलेला माणूस इंग्रज होता, हे सिद्ध करा. मग मयताच्या नातलगांनी पुढे येऊन शपथेवर सांगायचे, हा आमचा. आपल्या माणसाचे प्रेत ओळखताना रडायचे की त्याचा वंश शाबीत करायचा? आणि तो इंग्रज ठरला, की दंड माफ. त्याच्या जिवाची या कायद्यात काही किंमतच नव्हती.

पण बाहेरून आलेले होते किती? पंधरा-वीस लाखांच्या देशात काही हजार. त्यांनी इथेच लग्ने केली. विल्यमचा मुलगा पहिला हेन्री याने ११०० साली जुन्या इंग्रज राजवंशाच्या एडिथशी विवाह केला. तिला नाव बदलून मटिल्डा व्हावे लागले. तरी सरदार नवरा-बायकोला अस्सल गावंढळ इंग्रज नावांनी चिडवत. नावांची लाज खालपर्यंत झिरपली होती. बाराव्या शतकात व्हिटबीच्या एका पोराचे नाव टॉस्टी होते. सवंगडी हसतात म्हणून आईबापांनी त्याला विल्यम केले. पुढे तो फार्न बेटावरचा साधू बार्थोलोम्यू म्हणून प्रसिद्ध झाला. उलट दिशेनेही वाट होती. ११४०च्या आगेमागे गेमार नावाच्या कवीने लिंकनशरच्या एका नॉर्मन सरदारणीच्या सांगण्यावरून इंग्रजांचा इतिहास फ्रेंच पद्यात रचला. या मातीचा भूतकाळ तिला आपला वाटू लागला होता.

११७०च्या दशकात राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने लिहून ठेवले, की इंग्रज आणि नॉर्मन परस्परांत लग्ने करून इतके मिसळले आहेत, की स्वतंत्र माणसांत कोण कोणाचा हे आता सांगता येत नाही. मग दंड कसा ठरवायचा? त्याचे उत्तर असे : उघड उघड वेठीचा कुणबी असेल तर दंड नाही; बाकी कोणीही मेला तर दंड घ्या. म्हणजे ‘इंग्रज’ याचा सरकारी अर्थ आता ‘गरीब’ असा झाला होता. वंशाची भिंत पडली. तिचेच दगड घेऊन दुसरी भिंत उभी राहिली.

भाषेचा निकाल लागायला जास्त वेळ लागला. दरबार, न्यायालय, जमीनदारीची कागदपत्रे फ्रेंच आणि लॅटिनमध्ये. चूल, शेत, पाळणा इंग्रजीत. १२०४ साली नॉर्मंडीच हातची गेली आणि सरदारांना समुद्राच्या या किंवा त्या काठाची निवड करावी लागली. पुढे तिसऱ्या हेन्रीने आपल्या मुलाचे नाव एडवर्ड ठेवले. हेस्टिंग्जनंतर दोनशे वर्षांनी जुन्या इंग्रज नावाचा राजा गादीवर आला. १३६२मध्ये कायदा झाला, की न्यायालयात बाजू इंग्रजीत मांडावी, कारण पक्षकारांना फ्रेंच कळत नाही. तो कायदा लिहिलेला मात्र फ्रेंचमध्ये. वर आलेली इंग्रजी पहिल्यासारखी राहिलेली नव्हती. तिने जेत्यांचे शब्द पोटात घेतले होते : कोर्ट, जज्ज, अपील, जेल, टॅक्स. आपला शेतकरी बांधाच्या भांडणात ‘कोर्टात अपील केलंय’ म्हणतो, तेव्हा दोन्ही नामे नॉर्मनांची असतात. आई, बाप, भाकरी, पाणी, घर, मरण यांचे इंग्रजी शब्द मात्र आजही हरलेल्यांचेच आहेत.

आणि तो प्रेताचा वंश विचारणारा कायदा? तो १३४०पर्यंत पुस्तकात होता. फिट्झनीलने फरक उरला नाही असे लिहिल्यावरही दीडशेहून अधिक वर्षे नातलग शपथा घेत राहिले, हा आमचा, हा इंग्रज. शपथ जमली नाही, तर गावे दंड भरत. मध्यंतरी बुडून किंवा पडून मेलेल्यांवरही तो वसूल होई; ते १२६७मध्ये थांबवावे लागले. वैर केव्हाच विझले होते. पण दंडातून खजिन्यात पैसा येत होता, आणि ज्यातून पैसा येतो तो प्रश्न सरकार सहसा सोडून देत नाही.

माणसांना एकमेकांत मिसळायला तीन-चार पिढ्या पुरल्या. ती मिसळली आहेत, हे कायद्याच्या पुस्तकाला कळायला आणखी सहा-सात लागल्या. आपण कोणाचे, हा प्रश्न त्या देशात जिवंत माणसांनी विचारणे कधीच सोडले होते. तो मेलेल्यांनाच तेवढा विचारला जात होता.