आत रोखलेल्या जंग्या

लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्याच्या हद्दीवरील पठारावर असलेल्या केनली विमानतळावर आता ग्लायडर उडतात. परंतु धावपट्ट्यांभोवती फिरणाऱ्या काँक्रीटच्या रस्त्यालगत गवताने झाकलेले जे मातीचे बांध आढळतात, ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीस ब्रिटिश हवाई दलाने आपल्या लढाऊ विमानांसाठी उभारलेले आडोसे आहेत. 1940 मध्ये केनली हे ‘सेक्टर ठाणे’ होते, म्हणजे रडार आणि निरीक्षक यांच्याकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे त्या टापूतील लढाऊ विमानांना आकाशात रेडिओवरून दिशा देण्याचे काम येथून चाले, आणि म्हणूनच जर्मन हवाई दलाच्या दृष्टीने ते मोलाचे लक्ष्य होते.

या आडोशाची रचना वरून पाहिल्यास इंग्रजी ‘ई’ अक्षरासारखी दिसते: मागे एक लांब बांध, त्यातून पुढे आलेल्या तीन भुजा आणि भुजांमधील दोन खणांत प्रत्येकी एक हरिकेन किंवा स्पिटफायर विमान. त्यावर छप्पर नसणे प्रथमदर्शनी विचित्र वाटते, पण त्यामागचा हिशेब पक्का होता. बॉम्ब नेमका विमानावर पडण्याचा संभव कमी असतो. बहुतेक हानी शेजारी पडलेल्या बॉम्बच्या आडव्या उडणाऱ्या तुकड्यांनी आणि हवेच्या धक्क्याने होते, आणि तो मारा मातीचा जाड बांध पोटात घेतो. शिवाय समोरची बाजू उघडी असल्याने इशारा मिळताच विमानाला थेट बाहेर पडता येई. मागच्या बांधाच्या आत विमान-कर्मचाऱ्यांसाठी एक निरुंद आश्रयखोली बांधलेली असे, कारण विमान वाचून त्याची देखभाल करणारे हात गमावले, तर त्या विमानाचा उपयोग उरत नसे.

18 ऑगस्ट 1940 रोजी हा हिशेब कसाला लागला. डॉर्नियर जातीची नऊ बॉम्बफेकी विमाने झाडांच्या उंचीवरून केनलीवर चालून आली आणि त्या दिवसाच्या हल्ल्यात तेथील चार हँगरांपैकी तीन नष्ट झाले. विमाने एकाच छपराखाली गोळा करण्यातला धोका याहून स्पष्टपणे दाखवता आला नसता. त्या वेळी तळावरून एक वेगळेच साधन वापरले गेले: अग्निबाणाच्या साहाय्याने पोलादी तार काही शे फूट वर सोडायची आणि ती हवाईछत्रीवर लोंबकळत ठेवायची, म्हणजे तारेत अडकलेल्या विमानाला छत्रीचा ओढा असह्य व्हावा. एक डॉर्नियर अशा तारेमुळे कोसळले. ठाण्याची दूरध्वनी यंत्रणा तुटल्याने नियंत्रण कक्षाला केटरहॅम गावातील एका खाटकाच्या दुकानात हलावे लागले, आणि काम तेथून पुढे चालू राहिले.

तथापि बॉम्बपेक्षा मोठी भीती दुसरीच होती. एप्रिल 1940 मध्ये ऑस्लोजवळील फोर्नेबू आणि मे महिन्यात रॉटरडॅमजवळील वालहाफन हे विमानतळ जर्मनांनी आकाशातून सैन्य उतरवून घेतले होते. त्यामुळे ब्रिटिश विमानतळांवर उभारलेल्या काँक्रीटच्या लहान चौक्यांपैकी, ज्यांना पिलबॉक्स म्हणतात, अनेकांच्या जंग्या बाहेरच्या शेतांकडे नव्हे तर आत, धावपट्टीकडे रोखलेल्या होत्या. डोंगरी किल्ल्याच्या तटातून बाहेर पाहणाऱ्या जंग्यांची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही उलटी मांडणी चकित करील, पण शत्रू मैदानाच्या मधोमधच प्रकट होणार असेल, तर बंदुकीचे तोंड तिकडेच हवे.

या विचाराचे सर्वांत कल्पक फळ म्हणजे पिकेट-हॅमिल्टन चौकी. मैदानाच्या मध्यावर कायमचे बांधकाम ठेवले तर आपलीच विमाने त्यावर आदळणार, म्हणून एका काँक्रीटच्या नळकांड्यात दुसरे नळकांडे बसवून ते जमिनीच्या सपाटीला ठेवले जाई आणि गरज पडताच दाबलेल्या हवेने सुमारे अडीच फूट वर उचलले जाई. आत दोन-तीन सैनिक अवघडून बसत. चर्चिल यांनी जुलै 1940 मध्ये तिचा आग्रहाने पुरस्कार केला. प्रत्यक्षात मात्र पाणी साचणे हा तिचा कायमचा दोष ठरला.

क्रीट बेटावरील लढाईने हे गणित बदलले. मे 1941 मध्ये मालेमे विमानतळाचा निकाल मैदानावर नव्हे, तर त्यावर नजर ठेवणाऱ्या शेजारच्या टेकडीवर लागला; न्यूझीलंडच्या तुकड्यांनी टेकडी सोडताच दुसऱ्या दिवशी जर्मन वाहतूक विमाने खाली सैन्य उतरवू लागली. त्यानंतर ब्रिटनमध्ये विमानतळाच्या बाहेरील जमिनीकडे लक्ष गेले, जमिनीखालील लढाई-मुख्यालये बांधण्यात आली आणि 1 फेब्रुवारी 1942 रोजी विमानतळांच्या रक्षणासाठी आरएएफ रेजिमेंट स्थापन झाली. अवघ्या दीड-दोन वर्षांत संरक्षणाच्या कल्पनेने घेतलेले हे वळण जागेवर उभ्या असलेल्या जंग्यांच्या दिशेवरून आजही ओळखता येते.

म्हणूनच अशी बांधकामे सुटी सुटी जपणे अपुरे आहे. टँगमिअर येथील संग्रहालयात ठेवलेली पिकेट-हॅमिल्टन चौकी तिची यंत्ररचना उत्तम दाखवते, परंतु तिच्या माऱ्याच्या टप्प्यात काय येत होते हे समजण्यासाठी तिच्याभोवती मूळ मैदान असावे लागते. केनलीचे महत्त्व येथेच आहे: तेथील बहुतेक आडोसे, त्यांना जोडणारा वळसा-रस्ता आणि धावपट्ट्या हे सारे परस्परांच्या मूळ अंतरावर टिकून आहे आणि आडोशांना संरक्षित स्मारकाचा दर्जाही मिळाला आहे. घाईत उभारलेल्या त्यांच्या विटांच्या भिंतींत आता मुळे शिरतात, ओल धरते आणि सांधे सुटतात. तेव्हा मोलाची आहे ती नियमित डागडुजी, आणि वैमानिक खणातून निघून धावपट्टीवर ज्या वाटेने पोहोचत असे, ती वाट मोकळी राखणे.