जखडलेला बैल आणि महिषासुर

तैयब मेहता (1925–2009) यांचे 1956 मधले ‘ट्रस्ड बुल’ आणि 1997 मधले ‘महिषासुर’ ही चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर ती एकाच हाताची आहेत हे चटकन पटत नाही. मध्ये 41 वर्षे गेली. या काळात रंग लावण्याची रीत मुळापासून बदलली. जनावराने मात्र चित्रकाराची पाठ सोडली नाही.

मेहतांचा जन्म गुजरातेतल्या कपडवंजचा, पण आयुष्य बहुतांशी मुंबईत गेले. 1947 च्या दंगलीत महंमद अली रोडवर एका तरुणाला जमावाने ठार मारताना त्यांनी घरातून पाहिले. ते दृश्य जन्मभर मनातून गेले नाही, असे ते सांगत. आधी चित्रपट-संकलनाचे काम केलेल्या मेहतांनी 1952 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली.

‘ट्रस्ड बुल’मधला बैल कत्तलखान्यातला आहे. कापण्याआधी पाय बांधून त्याला आडवा पाडतात. धावण्यासाठी घडलेल्या एवढ्या ताकदीच्या देहाला त्या क्षणी काहीच करता येत नाही, आणि मेहतांनी नेमका तोच क्षण धरला. तैलरंगाचे थर जाड आहेत, देह कोनाकोनांत मोडलेला आहे. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, फाळणीने जखमी देशाची स्थितीही त्यांना या बैलात दिसत होती.

1959 ते 1964 ही वर्षे लंडनमध्ये गेली. 1968 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथे अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमन यांचे सपाट रंगाचे विस्तीर्ण कॅनव्हास त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. परतल्यावर, 1969 च्या सुमारास, त्यांच्या चित्रांत कॅनव्हास दुभंगणारी तिरपी रेषा आली. जाड थर गेले, सपाट रंगक्षेत्रे आली. 1970 च्या ‘कूडल’ या लघुपटात त्यांनी पुन्हा वांद्र्याचा कत्तलखाना दाखवला. 1984–85 मधल्या शांतिनिकेतनच्या मुक्कामानंतर काली आणि महिषासुर हे विषय पुढे आले.

महिषासुरमर्दिनी मराठी माणसाच्या ओळखीची आहे. तुळजापूरची भवानी याच रूपात आहे, वेरूळच्या लेण्यांतही ती कोरलेली आहे. या मूर्तींत जिंकणारी कोण आणि हरणारा कोण, यात संशय नसतो. मेहतांच्या ‘महिषासुर’मध्ये तो निवाडाच नाही. देवी आणि रेडा एकमेकांत इतके गुंतले आहेत की झुंज कुठे संपते आणि मिठी कुठे सुरू होते, ते ठरवता येत नाही. ॲक्रिलिकचा सपाट रंग आणि रेखीव कडा यांत ब्रशचा आवेश कुठेच उरलेला नाही. हिंसा सगळी रचनेत आहे, आणि म्हणूनच हे चित्र पहिल्याहून अधिक अस्वस्थ करते. बैलाची कणव येते. इथे कणव कोणाची करावी, हेच कळत नाही.

मेहता फार सावकाश काम करत आणि मनासारखे न उतरलेले कॅनव्हास नष्ट करत. त्यामुळे त्यांची चित्रे संख्येने थोडी आहेत. ‘महिषासुर’ 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 15.8 लाख डॉलरला विकले गेले. समकालीन भारतीय चित्राने दहा लाख डॉलरचा टप्पा तेव्हा प्रथमच ओलांडला. ‘ट्रस्ड बुल’ला 2025 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 61.8 कोटी रुपये मिळाले.